‘अपील करू का?’ हे विचारायला हायकोर्टात

...अहो, अपील नाही हो! अपील करायची परवानगी! सगळे तिथेच गोंधळतात. ‘आम्हाला निर्वासित म्हणून इथे राहू द्या’ हा अर्ज आधी इमिग्रेशन खात्यानं फेटाळला, मग ट्रायब्युनलनं फेटाळला, म्हटलं आता हायकोर्टात भांडू, तर तुम्हाला सांगतो, तिथे सरळ भांडताच येत नाही! आधी दारात उभं राहून विचारायचं, "आत येऊन भांडू का?"

आणि कशासाठी हे सगळं? लग्न केलं म्हणून! मी आणि नीता सांगलीचे, जात वेगळी, एवढाच गुन्हा. तिचा भाऊ नितीश म्हणजे गावात बडं प्रस्थ, त्यानं लग्नाचा आहेर म्हणून माझा हा हात मोडला... बघा, अजून सरळ होत नाही, इथे ऑकलंडला हिल्सबरोच्या बसमध्ये वरचा दांडा धरता येत नाही मला! पोलीस म्हणाले, "घरातलं आहे, घरात मिटवा." नागपूरला पळालो, तर तिथे हा दारात हजर, हातात कोयता! "ताई, किती लांब आलीस गं!" शेजारी धावले म्हणून वाचलो, आणि मिळेल त्या व्हिसावर ऑकलंड गाठलं.

ट्रायब्युनलच्या बाई इतक्या गोड! "किया ओरा", म्हणजे इथला माओरी नमस्कार, बसा, पाणी घ्या... निकालात लिहिलं काय? तुमचं सगळं खरं आहे. खरं! आम्ही नाचणार, तोच पुढची ओळ... भारत मोठा देश आहे, चेन्नईला राहता येईल!

आमच्या वकील सुनेत्राताई, ओटाहुहुला एका डेअरीच्या वर ऑफिस... डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान हो, खाली म्हशी नाहीत. मी म्हटलं, "ताई, जजना हात दाखवतो."

"अजिबात नाही. हायकोर्ट फक्त कायद्याची चूक बघतं. हात हा कायद्याचा मुद्दा नाही."

"चेन्नईची भाषा येत नाही आम्हाला!"

"कायद्याचा मुद्दा नाही."

"आमची पोरगी ओवी मराठीसुद्धा नुसती ऐकते, उत्तर इथल्या पोरांसारखं, ‘स्वीट अ‍ॅज, बाबा’, म्हणजे ‘मस्त’, ती तिथे..."

"गुरुदत्त! मुद्दा नाही!"

"अहो, जीव जाईल आमचा!"

"फार वाईट होईल. पण कायद्याचा मुद्दा नाही."

म्हणजे जीव हा किरकोळ तपशील! तेवढ्यात शेजारी बसलेली नीता म्हणाली, "नागपूरबद्दल काय लिहिलंय त्यांनी?"

ताईंनी निकाल पुढून वाचला, मागून वाचला... एक ओळ नाही! दुसऱ्या शहरात जा म्हणताना, आम्ही दुसऱ्या शहरात जाऊन बघितलंय हे राहूनच गेलं! ताई खुर्चीतून उठल्या. "पुरावा विचारातच घेतला नाही! हा कायद्याचा मुद्दा!" बघा हं, नितीशनं कोयता आणला तो मुद्दा नाही, तो लिहायचा राहिला तो मुद्दा!

कोर्टात सरकारी वकील म्हणतो, "युवर ऑनर, यांना निकाल आवडला नाही, एवढंच." अरे, तुला आवडला असता का? न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "निकालात नागपूर कुठे आहे?" तो पानं चाळतोय, चाळतोय... नीतानं माझा नेमका मोडका हात आवळलेला, ओरडायचीही सोय नाही!

आणि पुढच्या आठवड्यात मिळाली हो परवानगी! मी ताईंना फोन केला, "आता अपील जिंकलो की इथे राहायचं ना?"

"छे छे! जिंकलात तर प्रकरण परत ट्रायब्युनलकडे. नवी सुनावणी. पहिल्यापासून."

मी फोन ठेवून नीताला सांगितलं. ती म्हणाली, "या वेळी तू सांग सगळं. मला सांगून सांगून रडू येईनासं झालंय, आणि कोरड्या डोळ्यांनी सांगितलं तर त्यांना खोटं वाटेल."

तेव्हा हल्ली मी रोज आरशासमोर उभा राहून रडायचा सराव करतो... हायकोर्टाच्या परवानगीनं!