टाळ्यांनी अडवलेली रचना

नाही, पोरी, ते मी शिकवत नाही. पेटी शिकायची असेल तर बस — पेटी शिकवतो, घर त्याच्यावरच चालते. पण वाद्यवृंदासाठी नवं लिहायचं? आपल्या मनातलं? काहून वं? मलेही शिकवलं होतं नं! माझा बाप कामठीच्या छावणीत, फौजी बँडात क्लॅरिनेट वाजवे. तिथल्या बँडमास्तरनं मले कागदावरचे सूर वाचायले शिकवलं. मग मुंबईले एका पारशी बाईजवळ रचना शिकलो. ती म्हणे, "चंद्रभान, तू परदेशात जा." अन् गेलो कुठं? वापस नागपूरले! बापाले लकवा मारला — आता त्याले काय दोष द्याचा?

इथं माझं वाजवणार कोण? लग्नातले बँडवाले. हसू नको! बांगलादेशाच्या लढाईनंतरचा पावसाळा — लग्नं बंद, म्हणून जमले बिचारे. नत्थू क्लॅरिनेटवाला, त्याले कागद वाचता येत नव्हता. मी गाऊन दाखवो, तो उचले. रामदासपेठेत हॉल भेटला, गाण्यातले जाणकार आले, अन् वाजलं — चांगलं वाजलं, पोरी, खरंच. मधात एक शांतता होती, मीच लिहिलेली. सारे थांबतात, मग नत्थू एकटा सुरू करते. तर शांतता आली — अन् लोकायनं टाळ्या वाजवल्या! त्यायले वाटलं, संपलं. पाहुणे उठले, माझ्या गळ्यात हार, आभार, चहा! नत्थू क्लॅरिनेट तोंडाशी धरून माझ्याकडे पाहून राहिला. अन् मी? मी हात जोडले लोकायले.

रातच्या शेवटच्या बसमध्ये वापस येतानी तो म्हणे, "मास्तर, आता वाजवू का?" त्यानं लावलंही तोंडाले, तर कंडक्टर खेकसला, "बंद कर बे! लोकं झोपले हायेत." त्याच हिवाळ्यात नत्थू गेला. न्यूमोनिया. सरावात पुढचं वाजलं म्हणतेस? सरावात आमीच वाजवणारे, आमीच ऐकणारे. बाकी कोणी नाही ऐकलं. कोणीच नाही.

तवापासून सोडलं मी. साफ सोडलं. डोक्यातही येऊ देत नाही. आता कालचंच घे — दुसऱ्या व्हायोलिनचा भाग कागदावर काही केल्या बसून नव्हता राहिला, मी जेवणावरून उठलो, माझी बायको शामला ओरडली, तरी मी —

…

घरी जा, गोपिका. आई वाट पाहत असेल. जा म्हटलं नं.