पाट्यांवरच्या माह्या तेवीस चुका

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, सकाळचे आठ. हजर: मी स्वतः, माही बायको अनुसया, मुलगी विमल, जी चार दिवस माहेरी आली आहे, दयाराम गिरणीवाला, ज्याले कोणी बोलावलं नव्हतं, अन् लिहून घेणाऱ्या तुम्ही, बाई. लिहिलं? आता पहिले एक ठरवून घेऊ. मी बोलतो तसंच लिहा, मले त्याची लाज नाही, फक्त ळ आला की ळच लिहा. आमच्या तोंडात ळ बसत नाही, डोळ्याले आम्ही डोया म्हणतो अन् शाळेले शाया, पण हे कागद उद्या माहे व्याही वाचतीन, अन् ते वाचायले बसले की हातात पेन्सिल घेऊनच बसतात.

आमचं घर माळ्याचं. मोताळ्याच्या अलीकडं थोडी जमीन, विहीर, वांगे-मिरच्या. मोठा भाऊ मळ्यात रमला. मी पोळ्याले बैलांची शिंगं रंगवायचो, ते इतकं सुबक की लोक आपले बैल माह्या दारात आणून बांधत, मग शिंगांवरून बैलबंडीवर आलो, बंडीवरून चौकटीवर, अन् महाराष्ट्र झाला तसा पाट्यांवर. काय सांगू तुम्हाले, पहिले पाट्या होत्याच कुठं, होत्या त्या इंग्रजी नाहीतर हिंदी, नवीन राज्य आलं अन् ज्याले त्याले मराठी पाटी पाहिजे, न्हाव्याले पाहिजे, शिंप्याले पाहिजे, दूधवाल्याले पाहिजे. हात माहा पक्का. सुतळी खडूत घोळून पत्र्यावर मारली की रेघ कशी सरळ. शाळा मात्र दुसरीपर्यंत. अक्षर मी चित्रासारखं काढायचो, कानाले ऐकू येईन ते.

पहिली पाटी फळवाल्याची, बसस्टँडवर. ताजी केयी मियतीन. एक साहेब बसमधून उतरले, वाचलं अन् चारचौघांत हसले, पेंटर, अरे य नाही, ळ, ळ, शुद्ध भाषेत ळ असतो. मले ते लागलं, ती पाटी तिथंच पुसून नीट केली. मी काम पद्धतशीर करणारा माणूस, घरी येऊन नियमच करून टाकला, आजपासून य बंद, जिथं य तिथं ळ. अन् वर्षभर तो नियम पाळला, बाई, एकदाही मोडला नाही. न्हाव्याचं झालं केश कर्तनालळ. सायकलवाल्याचं साळकल दुरुस्ती. मारुतीच्या देवळात, पाळ धुवून आत ळावे. बायकोच्या टिनाच्या पेटीवर हौसेनं नाव काढलं, अनुसळा. हे पहा, हसून राह्यली. तेव्हा नव्हती हसली.

त्यात मले प्रश्नचिन्ह फार आवडायचं. विळ्यासारखा बाक, खाली थेंब. त्याचा काही अर्थ असतो हे कोणाले माहीत, मजकूर संपला की शोभेले टाकायचो. म्हणून दूधवाल्याची पाटी झाली, ळेथे गाळीचे दूध मिळेल? लोकांले वाटलं हा दूध गाळून देते, त्याचं गिऱ्हाईक वाढलं. हलवायाची झाली, शुद्ध तुपाची मिठाई? त्याचं कमी झालं.

हे सारं चुकलं म्हणून मले सांगितलं विमलनं. ती मामाकडं खामगावले शिकत होती, मॅट्रिक होऊन आली, बसस्टँडपासून घरापर्यंत पाट्या वाचत हसत हसत आली, अन् घरात आल्यावर तिले कळलं की त्या काढणारा कोण, तर रडली. मी वही ठेवतो, पाटी कोणाची, रंग कोणता, मजकूर काय. बापलेक वही घेऊन बसलो. तेवीस चुकीच्या पाट्या निघाल्या.

सावकाश दुरुस्त करू म्हणलं, तेवढ्यात स्थळ आलं. मुलगा नांदुऱ्याले मास्तर. विमलनं त्याले मामाच्या घरी पाहिलेलं. त्याचं नाव निघालं की तिची तव्यावरची पोळी करपायची, दोनदा करपली तेव्हा मी समजलो. आता अडचण ऐका. मुलाचे वडील रिटायर हेडमास्तर, सारे त्यांले गुरुजी म्हणत. मध्यस्थ म्हणे, माणूस देव आहे, पण मुलीच्या बापाच्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून एक स्थळ मोडलं त्यांनी. आमच्याकडं येणार रविवारी. हाती दिवस तीन. बसस्टँडपासून घरापर्यंत माह्या पाट्या सात.

यादी केली, क्रमानं निघालो. न्हावी झाला, सायकलवाला झाला, देऊळ झालं, हलवाई झाला, त्यानं तर चहा पाजला. दूधवाला अडून बसला, गाय लिहिलं तर लोक माह्याकडं काऊन येतीन, गाई काय बाकीच्यांकडं नाहीत? शेवटी मी गाळलेले अन् गायीचे असे दोन्ही शब्द बसवून दिले. शिंपी झाला. राहिला हा दयाराम. याची पाटी, दळाराम पिठाची गिरणी? म्हणलं, दयारामभाऊ, फक्त य करून देतो. तर म्हणे, खबरदार बे पेंटर, सारा गाव मले दळाराम म्हणते, माह्या बायकोनं उखाण्यात दळाराम नाव घेतलं, आता दयाराम म्हणलं तर तिले वाटीन हा दुसराच कोणी आला. मोठ्या मिनतवारीनं पाटीवर पोतं टांगायले तयार झाला.

रविवारी पाहुणे उतरले. गुरुजी, त्यांच्या घरच्या, मुलगा. गुरुजी सहा पाट्या वाचत वाचत आले, एकीजवळही थांबले नाहीत, माहा जीव भांड्यात पडला, अन् गिरणीसमोर उभे. हे काऊन झाकलं असं नाही म्हणले, शुद्ध बोलले, हे का झाकलं आहे? अन् छत्रीच्या टोकानं पोतं वर केलं. वाचलं. एकदा, दोनदा. मग खिशातून छोटी डायरी काढली. म्हणे, या भागात फिरलो की याच्या पाट्या टिपतो, हा माणूस मी वर्षभर शोधतो आहे, कोण आहे हा? तर हा दयाराम, मदत करायले, म्हणते, तो खानदेशातला होता जी, मेला बिचारा. गुरुजी म्हणाले, अरेरे, पण भाषेच्या दृष्टीनं बरं झालं.

काय सांगू बाई, मेलेला मी तिथंच उभा.

घरी पोहे झाले, चहा झाला. मध्यस्थानं सांगितलंच होतं की आम्ही भाजीपालावाले. गुरुजी माह्या हाताकडं पाहत होते. म्हणाले, वांगी तोडून नखात लाल रंग जातो का? मी आतल्या दाराकडं पाहिलं, विमल उभी होती, पदर बोटाले गुंडाळून सोडत होती. वाटलं, हो म्हणावं, रंग घरच्या चौकटीचा म्हणावं. पण उद्या त्याच घरात पोरीले हे लपवत राहायचं? म्हणलं, गुरुजी, तो मेला नाही. तो मीच. अन् वही आणून समोर ठेवली, तेवीसच्या तेवीस, चुकीचं डाव्या हाताले, बरोबर उजव्या.

गुरुजींनी आपली डायरी वहीले लावली अन् एकेक टिक मारत चालले. त्यांच्या डायरीत एकोणीस. पुन्हा मोजलं, एकोणीसच. चार त्यांले सापडल्याच नव्हत्या. चेहरा पडला हो त्यांचा, बक्षीस हुकलेल्या पोरासारखा, अन् एकदम उठले, म्हणाले, चला, सगया दाखवा, आत्ताच, वेय नाही माह्याजवय! इथं य च लिहा, बाई, ते य च म्हणले.

अन् आतून विमल हसली. मोठ्यानं, खळखळून. मी म्हणलं, गेलं स्थळ. गुरुजींच्या घरच्या पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, हसू दे तिले, घरी हे असंच बोलतात. गुरुजी खाली बसले, चष्मा पुसला. म्हणाले, एवढ्या माणसांत चूक फक्त हिलाच ऐकू आली. मुलगी पसंत आहे. मग अट घातली, लग्नाआधी तेवीस पूर्ण करा. दयारामाचं विचारलं तर म्हणाले, प्रश्नचिन्ह काढा, दळाराम राहू द्या, त्याचं आता नावच झालं. हे ऐकून हा रडला. रडला ना रे? मान डोलावून हाव म्हणते.

तेवीस केल्या, लग्न झालं, विमल सुखात आहे. आता व्याह्यांनी नवीन घर बांधलं, दारावरची पाटी मलेच सांगितली, मजकूर स्वतःच्या हातानं लिहून दिला. खाली लिहिलं आहे, सेवानिवृत मुख्याध्यापक. निवृत्त मधला अर्धा त नाही. मी तीनदा पाहिलं, मग विमलले दाखवलं, ती म्हणे, बाबा, मले त्या घरात राहायचं आहे, मी नाही सांगत. जावयाले विचारलं, ते म्हणाले, मीही तिथंच राहतो. सुधारून काढली तर त्यांच्या मनाले लागीन, अन् तशीच काढली तर माहा हात वळत नाही आता. देवमाणूस आहे, शंभर वर्षं जगो. पत्रा घासून झाला, हिरवा रंग दोनदा दिला, नाव काढलं, मुख्याध्यापक काढलं, अन् सेवानिवृ पर्यंत येऊन ब्रश धुवून ठेवला. ते विचारतात, मी सांगतो, रंग वाळून राह्यला. सहा महिने झाले, बाई, म्हणून तर हे लिहायले तुम्हाले बोलावलं.