दसऱ्याला रंगवलेला रोलर कोस्टर

अरे, पार्कातल्या पाळण्यांचं कौतुक मला नका सांगू. नव्वदच्या दशकात एक अख्खा रोलर कोस्टर आमच्या दापोड्याच्या गोदामात पडून होता. जपानमधल्या बंद पडलेल्या पार्कातून सुटा करून आणलेला. त्यात बसायचं नाही, उभ्यानेच जायचं. आमच्या शेठला वज्रेश्वरीच्या वाटेवर पार्क काढायचं होतं. मुकादम जानूकाका तर येईल त्याला सांगायचे, "पयला मी चढनार हाय!"

दसरा आला. गंजक्या लोखंडाची पूजा कशी करायची? जानूकाकांनी माणसं लावून सगळे रूळ घासून घेतले, त्यांवर लाल रंग मारला, झेंडूच्या माळा घातल्या. काय दिसत होतं!

दिवाळीनंतर जोडणीचा इंजिनिअर आला आणि बघतच राहिला. "यावरचे नंबर कुठे गेले?"

"कसलं नंबर?"

"कुठला तुकडा कुठे जोडायचा, ते प्रत्येकावर लिहिलं होतं!"

जानूकाका हळूच म्हणाले, "आमाला वाटला, जुना रंग हाय."

मूळ नकाशे कुणाकडेच नव्हते. काही वर्षं वाट बघून शेठने सगळं भंगारात काढलं. माणसांनी उभं राहायचा डबा ट्रकवर चढवला, तसे जानूकाका त्यात शिरले. खांद्यावरचा दांडा खाली ओढला आणि डोळे मिटून उभे राहिले.

ड्रायव्हरने विचारलं, "चाचा, उतरना नहीं है?"

"अंजूर फाटे तक ले चल," डोळे न उघडताच ते म्हणाले. "और सुन, धीरे मत चला."