वडिलांच्या सहीचा नियम

...आणि वर सूनबाई म्हणते कशी, "आई, तुम्ही नुसती सही करा, बाकीचं सगळं मी भरलंय." नुसती सही! अहो, नगरपालिकेत जन्मनोंदणीच्या टेबलावर सव्वीस वर्षं बसलेल्या बाईला ही सांगते, नुसती सही करा! मी आयुष्यात न वाचता सही केली ती दोनदाच. एकदा लग्नात आणि एकदा या अर्जावर, आणि दोन्ही वेळा... जाऊ दे, आमचे हे समोरच बसलेत.

तर तुम्हाला सांगते, माझ्या बावन्नाव्या वाढदिवसाला सूनबाईंनी मला काय द्यावं? घड्याळ नाही, पर्स नाही, थेट विद्यापीठात प्रवेश. कायदा आणि शासनव्यवस्था, पदव्युत्तर, दोन वर्षं, शनिवार-रविवार वर्ग. का, तर म्हणे, "आई, तुम्ही घरातसुद्धा नियमच सांगता, मग एकदा नीट शिकूनच घ्या." भलं होवो तिचं.

वर्गात सगळी माझ्या मुलाच्या वयाची. बाकात गुडघे मावेनात. पहिल्याच तासाला फळ्यावर शब्द कुठला, तर 'स्वेच्छाधिकार'. म्हणजे हो म्हणायचं की नाही, हे अधिकाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचं. मला तो शब्द तीन आठवडे समजेना, आणि समजला तेव्हा कळलं की मी तो सव्वीस वर्षं वापरतेय, आणि फक्त 'नाही' म्हणायलाच वापरतेय!

आमच्या प्राध्यापक बाई म्हणजे वयाने माझ्या सुनेएवढ्या, अंगाने काडी, आवाज इतका बारीक की पहिल्या बाकावर बसून कान टवकारावे लागत. दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. त्या म्हणाल्या, तुमच्या टेबलावर रोज जे चालतं त्यावरच लिहा. मला वाटलं, सुटले! झोपेत लिहीन. लिहिलंही. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव घालायचं राहिलं असेल तर आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात, वडील हजर नसतील तर नियमानुसार अर्ज परत. बाईंनी 'नियमानुसार'खाली पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'कुठला?'

मी म्हटलं, "आहे हो नियम."

"मग दाखवा ना, ताई."

दाखवा! सव्वीस वर्षांत मला कुणी दाखवा म्हटलं नव्हतं. लोक बिचारे खिडकीतून हात आत घालून अर्ज परत घेतात आणि जातात. ते टेलरकाकाही तसेच जायचे.

हे टेलरकाका म्हणजे आमच्या कचेरीच्या मागच्या गल्लीतले म्हातारे शिंपी. त्यांच्या नातीच्या जन्माच्या नोंदीत नावाची जागा कोरी राहिलेली. मुलगी सतरा वर्षांची झाली, तिला नर्सिंगला जायचं, आणि कॉलेज म्हणे नाव असलेला दाखला आणा. तिचा बाप ती तान्ही असतानाच घर सोडून गेलेला, तो कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. अर्जावर मुलीच्या आईची सही होती, तरी मी तो तीनदा परत केला. तिन्ही वेळा लाल शाईने शेरा, 'वडिलांची सही नाही.' तिसऱ्या वेळी काका हळूच म्हणाले, ताई, तो सापडला असता तर मी सही नंतर घेतली असती, आधी दुसरं बोललो असतो. मी काय म्हटलं? पुढचे कोण?

असो. मी नियम शोधायला बसले. जेवणाच्या सुट्टीत डबा घ्यायचा आणि थेट अभिलेख खोलीत. आठ दिवस धूळ, शिंका, कुजकी दोरी बांधलेले गठ्ठे. माझ्याआधीच्या हेडक्लार्कांना फोन लावला. ते म्हणाले, मला माझ्याआधीच्यांनी सांगितलं होतं. त्यांच्याआधीचे तर फोनच्या पलीकडे गेलेले. नवव्या दिवशी सापडलं. एक पानी परिपत्रक, माझ्या नोकरीच्याही आधीचं. त्या काळी काही खोट्या नोंदी झाल्या होत्या, म्हणून दोघांच्या सह्या घ्या, आणि खाली एक ओळ... 'हा आदेश एक वर्षापुरता लागू राहील.'

एक वर्ष! मी तिथेच गठ्ठ्यावर बसले. डबा उघडलाच नाही. मूळ नियम काढून वाचला, तर आईची एकटीची सही पुरते. पहिल्यापासून पुरत होती.

बाईंना फोन केला. वाटलं, आता ही मला झापणार. तर त्या म्हणाल्या, "ताई, प्रबंध राहू दे. त्या मुलीची शेवटची तारीख कधी आहे?" भलं होवो हो तिचं. मला तर तारीख विचारायचं सुचलंच नव्हतं.

तारीख होती चार दिवसांनी. परिपत्रक साहेबांपुढे ठेवलं. ते म्हणाले, इतकी वर्षं चाललंय ते काय उगाच? मी म्हटलं, हो साहेब, उगाच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा वाचलं आणि अर्ज मंजूर केला. आता खरं तर शिपायाला पाठवायचं. पण पाय काही ऐकेनात, मीच गेले.

मला दारात बघून काका मशीनवरून उठले. घाबरले हो ते. म्हणाले, "आता काय कमी आहे, ताई?"

मी म्हटलं, "काही कमी नाही. सही लागतच नव्हती. चूक माझी होती." आणि दाखला पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, नातीचं नाव बोटाने वाचलं, शिलाईवर बोट फिरवावं तसं. मला वाटलं, बोलतील. बोलायलाच हवं होतं. तर त्यांचं लक्ष माझ्या पिशवीकडे. बंद उसवला होता. म्हणाले, "द्या ती. दोन मिनिटं थांबाल ना? मी थांबायचो की तुमच्याकडे." आणि बसले शिवायला. मी स्टुलावर बसून राहिले. त्यांनी दुहेरी टाके घातले, पैशाचं नाव काढू दिलं नाही. मुलगी नर्सिंगला लागली.

पुढे तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक, पांढऱ्या भुवया, प्रबंध उलटा-सुलटा चाळून म्हणाले, यात सगळीकडे 'संबंधित लिपिक' असं लिहिलंय, त्या लिपिकावर काही कारवाई झाली का? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गप्प बसले असते तर चाललं असतं, त्या काही बोलणार नव्हत्या. मी म्हटलं, "सर, झाली. तिला इथे शिकायला पाठवलं."

परीक्षक हसले नाहीत. पेन ठेवलं आणि म्हणाले, मला आणखी काही विचारायचं नाही. मला वाटलं, नापास! बाहेर आमचे हे माझ्या वह्या मांडीवर घेऊन बसलेले. दोन वर्षं स्वयंपाक शिकले बिचारे, भांडी करपवली, पण मला अभ्यासातून उठवलं नाही. त्यांच्याशेजारी जाऊन रडले. तर आतून बाई आल्या, पहिल्यांदाच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "ताई, पहिला वर्ग!" भलं होवो त्या पोरीचं, खरंच भलं होवो.

सोमवारी कचेरीत पेढ्यांच्या... नाही, पेढे नंतर, आधी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा प्रबंध. म्हणाले, शेवटच्या पानावर तुम्ही शिफारस केलीय, असे परत गेलेले सगळे अर्ज शोधून पुन्हा उघडावेत. फार उत्तम, वरून मंजूर झाली. मी हात जोडले. म्हटलं, साहेब, कोणाला देताय हे काम? तर म्हणतात, "या विषयात पदव्युत्तर असं कार्यालयात दुसरं आहे कोण?"

एकशे त्र्याहत्तर अर्ज आहेत हो. प्रत्येकावर लाल शाई, आणि अक्षर इतकं सुरेख, की माझं नाही असंही म्हणता येत नाही.