सर्जेरावाची शिडाची बोट

आमच्या सर्जेरावाला शिडाची बोट घ्यायची होती, हे सांगितलंय का तुम्हाला? शिरोलीत फौंड्री, पोहायला शिकला रंकाळ्यात, आणि डोक्यात काय, तर स्वस्तातली जुनी बोट घेऊन लक्षद्वीप गाठायचं. वाऱ्याला डिझेल लागत न्हाय म्हणून!

पसंत पडली तर लगेच द्यायला विसार खिशात घालून माझ्या जीपनं मालवणला गेलतो. बोट किनाऱ्यावर टेकू लावून उभी. तिच्या बुडाला हा एवढा लोखंडाचा ठोकळा. सर्जेरावानं तो पान्यानं वाजवून बघितला.

"कास्टिंग एक नंबर हाय. पण पावणं, तरंगायच्या वस्तूला लोखंड कशापायी?"

"उलटायला लागली तर त्या वजनानं परत सरळ होते," मालक म्हणाला.

"म्हंजे उलटती व्हय?"

"सहसा नाही."

"बरं, लक्षद्वीपकडनंच वारा आला तर?"

"मग थोडं डावीकडं तिरकं जायचं, मग उजवीकडं तिरकं."

"अवो, जायचंय समोर की!"

"तसंच समोर जातं."

सर्जेरावानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. विचार करून सांगतो म्हणून निघालो.

गगनबावड्याचा घाट लागला. जीप एकदा डावीकडं वळायची, एकदा उजवीकडं. मधेच सर्जेराव ओरडला, "कळलं! आपण पण तिरकंच चढालोय की! बोट वाऱ्यावर अशीच चढती!"

"मग फिरवू गाडी? विसार देऊन येऊ?"

"आधी थांबीव!"

थांबवली, तर गडी दार उघडून रस्त्याकडेला ओकत बसला. मग तोंड पुसत म्हणाला, "घरला चल. आणि जमलं तर सरळ न्हे."