वडिलांच्या रायफलीची पारख

रशीदभाईंचं नाव निघालं की माझे हात आपोआप जोडले जातात. का ते सांगतो. वडील गेले त्या वर्षीची गोष्ट. वळ गावातल्या आमच्या घरी त्यांची जुनी रायफल होती. परवाना त्यांच्या नावावर, म्हणून ती विकायचं ठरलं आणि भिवंडीहून बंदुकांचे व्यापारी रशीदभाई पारखायला आले.

"जर्मन हाय," आई म्हणाली.

नळीवरचा शिक्का काही दिसेना. दर दसऱ्याला आई नेमकं तिथंच हळदकुंकू वाहायची. रशीदभाईंनी रुमालानं ते हलकेच पुसलं.

"बेल्जियमची आहे, भाभी. पण तुमच्या पूजेनं शिक्का अर्धा खाल्ला. भाव थोडा पडणार."

आई चहा आणायला आत गेली. त्यांनी नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं आणि हळूच मला म्हणाले, "आतून एकदम कोरी. ही कधी चाललेलीच नाही, भाऊ."

शेतात घुसलेलं रानडुक्कर याच रायफलीनं मारलं, असं वडील आयुष्यभर सांगत आले. गाव हसायचं. आईनं मात्र त्यातला शब्दन्‌शब्द खरा मानला होता.

चहा ठेवत तिनं विचारलंच, "हिनंच डुक्कर मारलेला ना त्यांनी? तुमाला तर बघून कळत आसंल."

रशीदभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हो भाभी. एकच गोळी सुटलीये हिच्यातून. नेम पक्का असला की दुसरी लागत नाही."

आईनं त्यांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आयकलंस? गाव उगाच हसत व्हता."