वैजनाथ मास्तरांचं मागचं चाक

...हलकं, म्हणे. तुम्हाला सांगतो, नगरच्या त्या दुकानदारानं चाक करंगळीवर फिरवून दाखवलं, 'बघा सर, पीसच जणू,' आणि आमचे जामखेडचे वैजनाथ मास्तर, सायकलवर कन्याकुमारीला निघालेले, सोबत तंबू, स्टोव्ह, दोन पिशव्या, भुलले की हो. वजन विचारलं तर म्हणाले, 'असेल नव्वद.' नव्वद ते लग्नात होते... जाऊ द्या. मग कुणी म्हणे हवा जास्त भरा, कुणी म्हणे भात सोडा. चाक त्यांचं, वजन त्यांचं, सल्ला अख्ख्या तालुक्याचा.

शाळेनं हार घातला, मास्तर निघाले, आणि करमाळ्याच्या अलीकडं मागून टिंग. एक स्पोक. मग टिंग, टिंग... चाकाचा पापड. टेम्पोत सायकल टाकून परत आले, गळ्यात हार तसाच. बायको रश्मीबाई दारात उभ्या. त्यांनी नुसता हार उतरवून घेतला. ते जास्त लागलं. बाकीचे बोललेच. चाक त्यांचं, वजन त्यांचं...

शेवटी मास्तर नेवाशाला लंकाबाईंकडं गेले. नवऱ्यामागं तीस वर्षं सायकलचं दुकान चालवतात बाई. त्यांनी चाकाकडं नाही, मास्तरांकडं बघितलं.

'वजन किती?'

'नव्वद.'

'व्हय का. या इकडं.'

आणि शेजारच्या कांद्याच्या काट्यावर उभं केलं, पिशव्यांसकट, भर बाजारात, माणसं बघतायत... एकशे चव्वेचाळीस.

'लाजायचं काय त्यात,' बाई म्हणाल्या, 'चाकाला खोटं सांगून चालत न्हाई. तुमाला छत्तीस स्पोक, जाड रिम, रुंद टायर. मागं लई भार येतो, मागचं नीट बांधू.'

एकेक स्पोक बोटानं वाजवत, सगळ्यांचा ताण सारखा होईस्तोवर आवळत बसल्या. मास्तर शेजारी चाक धरून. खरं वजन पहिल्यांदाच चारचौघांत कळलं होतं, आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

तुम्हाला सांगतो, कन्याकुमारीपर्यंत एक स्पोक तुटला नाही. मास्तर रेल्वेनं परतले ते चौदा किलो उतरवून. गाव जमलं, लोकांनी चाक दाबून बघितलं, चाकाचे फोटो काढले, मास्तरांकडं कुणी बघेना. बघितलं ते रश्मीबाईंनी. नीट, वरपासून खालपर्यंत. म्हणाल्या, 'अहो, आता तुम्हाला एवढं मजबूत चाक कशाला? आमच्या आबासाहेबाला देऊ. त्याचं एकशे तीस आहे.'

आबासाहेब म्हणजे मेहुणे. सख्खे.

सध्या मास्तर शाळेत चालत जातात.